पडद्याचं लेसर: खुर्चीत बसण्याआधी, त्या रात्री आणि पुढची वर्षं

मधुमेह असलेल्या माणसाला डोळ्याच्या पडद्याचं लेसर सांगितलं की घरात दोन गैरसमज एकदमच शिरतात. एकाला वाटतं, लेसर झालं म्हणजे नजर सुधारणार, कदाचित चष्माही जाणार. दुसऱ्याला वाटतं, पडदा जाळतात म्हणजे आहे ते दिसणंही जाणार. दोन्ही चूक आहे. चष्मा घालवणारं लेसर बुबुळावर करतात, त्याचा याच्याशी संबंध नाही. पडद्याचं लेसर आज जेवढी नजर आहे तेवढी टिकावी म्हणून असतं. नजर वाढवणं हे त्याचं कामच नाही.

आईच्या दोन्ही डोळ्यांना हे लेसर झालेलं आहे. तिच्याबरोबर रेटिनाच्या, म्हणजे पडद्याच्या, ओपीडीत बसून सगळ्यात जास्त वेळा कानावर पडलेलं वाक्य म्हणजे "दोनदा केलं, काही फरक पडला नाही, म्हणून सोडून दिलं." फरक दिसला नाही हेच बहुतेक वेळा उपचार लागू पडल्याचं लक्षण असतं. हे कुणी नीट समजावून सांगितलं नाही म्हणून माणसं उपचार अर्धवट सोडतात आणि मग एका सकाळी डोळ्यासमोर लाल-काळा पडदा येतो. हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांना घेऊन येणाऱ्या घरच्यांसाठी आहे.

जाळतात ते कशासाठी

वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. काही झिरपतात, काही बंद पडतात. ज्या भागाला रक्त मिळत नाही तो भाग उपाशी राहतो आणि नव्या रक्तवाहिन्या मागणारी रसायनं सोडतो. मग नव्या वाहिन्या फुटतात, पण त्या कच्च्या असतात. शिंकलं, खोकलं किंवा झोपेत कूस बदलली तरी त्या फुटू शकतात, आणि डोळ्याच्या आतल्या जेलमध्ये रक्त पसरतं. पुढे त्यांच्याबरोबर जाळीसारखा पापुद्रा तयार होऊन तो पडद्याला ओढतो, पडदा सुटतो.

पडद्याचा मध्यबिंदू, म्हणजे मॅक्युला, वाचायला, चेहरा ओळखायला, सुईत दोरा ओवायला लागतो. कडेचा मोठा भाग आजूबाजूचं आणि अंधारातलं पाहायला लागतो. लेसरने मधला भाग राखून कडेच्या भागावर बारीक डाग देतात. दुष्काळात धरणातलं पाणी पिण्यासाठी राखून उसाचं आवर्तन बंद करतात, तसंच हे आहे. कडेची मागणी कमी झाली की असलेला ऑक्सिजन पुरतो, नव्या वाहिन्या मागणारी रसायनं घटतात आणि कच्च्या वाहिन्या सुकतात. याची किंमत कडेच्या नजरेने आणि अंधारातल्या नजरेने मोजावी लागते. हे आधीच माहीत असलं तर नंतर धक्का बसत नाही.

ही कल्पना आली जर्मनीतल्या गेर्ड मायर-श्विकेराथ या नेत्रतज्ज्ञाला. १९४५ च्या सूर्यग्रहणात उघड्या डोळ्यांनी सूर्य पाहून पडदा भाजलेले रुग्ण त्याने तपासले आणि त्याला वाटलं, हाच प्रकाश मोजून-मापून वापरला तर? सुरुवातीला त्याने आरशांनी खरा सूर्यप्रकाशच डोळ्यात आणला. लेसर नंतर आलं. मग १९७० च्या दशकात अमेरिकेत सतराशेहून जास्त रुग्णांवर मोठी चाचणी झाली. प्रत्येकाच्या एका डोळ्याला उपचार केला, दुसरा तसाच ठेवला. उपचार केलेल्या डोळ्यांत नजर गंभीरपणे जाण्याचं प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आलं. फरक इतका स्पष्ट होता की १९७६ मध्ये, चाचणी संपण्याआधीच, राहिलेल्या डोळ्यांनाही लेसर द्यायला परवानगी मिळाली. 'पडदा जाळला' म्हणून घाबरलेल्या माणसाला मी ही गोष्ट मुद्दाम सांगते.

आधी विचारा, कुठलं लेसर?

फाइलवर नुसतं 'लेसर' लिहिलेलं असतं, पण प्रकार वेगळे असतात. वर सांगितलं, कडेच्या भागावर डाग देण्याचं, ते पीआरपी (पॅनरेटिनल फोटोकोअॅग्युलेशन). ते दोन-तीन बैठकांत होतं आणि जुन्या पद्धतीने एका डोळ्याला साधारण १२०० ते १६०० डाग लागतात, नव्या झटपट यंत्रांवर त्याहून जास्त. मॅक्युलाजवळ झिरपणाऱ्या जागांवर थोडेसेच डाग देतात ते फोकल. आणि पडद्याला छिद्र किंवा चीर असेल तर तिच्याभोवती डागांचं कुंपण घालतात ते बॅराज. त्याला मधुमेह असावा लागत नाही, जास्त मायनस नंबर असलेल्या तरुणांनाही ते करावं लागतं. बॅराजमध्ये चिकटण पक्की व्हायला दहा-बारा दिवस जातात, म्हणून तेवढे दिवस उड्या, जड ओझं टाळायला सांगतात. शेजारणीचं पथ्य आपल्याला लागू होईलच असं नाही, ते यामुळे.

त्यातही एक गल्लत वारंवार होते. 'पालथं झोपायचं', 'विमानात बसायचं नाही' हे नियम डोळ्यात गॅस भरून केलेल्या पडद्याच्या ऑपरेशननंतरचे आहेत. नुसत्या लेसरनंतर पालथं झोपावं लागत नाही.

जाण्याआधीची तयारी

उपाशी जाऊ नका. हे ठळक सांगण्याचं कारण, 'डोळ्याचं ऑपरेशन' समजून लोक सकाळची गोळी किंवा इन्सुलिन घेतात आणि नाश्ता मात्र टाळतात. ओपीडीत दोन-तीन तास सहज जातात, साखर एकदम खाली येते, घाम सुटतो, हात थरथरतात. रोजचं खाणं, रोजची औषधं घेऊन निघा आणि पिशवीत बिस्किटं, साखर किंवा गूळ ठेवा.

बरोबर कुणीतरी हवंच. बाहुली मोठी करणारे थेंब चार-सहा तास टिकतात. त्या काळात ऊन सहन होत नाही आणि जवळचं वाचता येत नाही. गॉगल किंवा टोपी घ्या. रिक्षाचं भाडं, सुटे पैसे आधीच काढून ठेवा.

डॉक्टरांना स्वतःहून सांगा: रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, काचबिंदू आहे का, मूत्रपिंडाचा त्रास आहे का. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका. बहुतेक वेळा ती बंद करावी लागत नाही आणि बंद करण्याचा धोका हृदयाला असतो.

लेसरआधी पडद्याचा फोटो आणि ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचा स्कॅन, काढतात. कधी हातात पिवळं औषध टोचून अँजिओग्राफी, म्हणजे पडद्याच्या रक्तवाहिन्यांचे फोटो, काढतात. त्यानंतर दिवसभर लघवी गडद पिवळी होते, काहींची त्वचाही पिवळसर दिसते. कावीळ झाली म्हणून घाबरू नका.

खुर्चीवर

खोली अंधारी असते. हनुवटी टेकवायला पट्टी, कपाळाला वर एक आडवी दांडी. डोळा बधिर करणारा थेंब टाकतात आणि जेल लावलेली जाड काच डोळ्यावर ठेवतात. पापणी मिटायची धडपड होते, पण काचेमुळे ती मिटत नाही. मग टक-टक आवाज आणि हिरवा किंवा पिवळा लखलखाट. "आजी, समोर बघा. माझ्या कानाकडे बघा. हलू नका हं," एवढंच ऐकू येत राहतं. दहा ते वीस मिनिटांत एक बैठक संपते.

दुखतं का? काहींना अजिबात नाही, काहींना टोचल्यासारखं, आणि डोळ्याच्या दोन्ही बाजूंना डाग देताना बऱ्याच जणांना खोलवर कळ येते, कारण तिथून मज्जातंतू जातात. दुखत असेल तर डोकं मागे ओढू नका, हात वर करा किंवा तोंडाने 'थांबा' म्हणा. डॉक्टर थांबतात, ताकद किंवा वेळ कमी करतात, काम दोन दिवसांत वाटून घेतात. अगदीच सहन होत नसेल तर डोळ्याशेजारी बधिरतेचं इंजेक्शन देता येतं. आधी अर्धा-एक तास पॅरासिटामॉल घेतलेली चालेल का, हे मागच्याच भेटीत विचारून ठेवा. मूत्रपिंड नाजूक असेल तर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मनाने घेऊ नका. मधुमेहींच्या घरात हा घोळ फार होतो.

पहिल्या बैठकीत दुखलं म्हणून दुसरीला न जाणारे खूप असतात. दुखणं सांगितलं तर त्यावर मार्ग निघतो. गप्प बसून सोसलं आणि मग गेलोच नाही, तर डॉक्टरांना कारण कळतच नाही.

त्या रात्री आणि पहिले काही दिवस

खुर्चीवरून उठल्यावर काही वेळ सगळं काळपट किंवा रंगीत झाकोळलेलं दिसतं. झगमगाटाने पडदा दिपलेला असतो, तो हळूहळू सावरतो. संध्याकाळी डोळा लाल, चुरचुरता, कपाळ जड वाटणं स्वाभाविक आहे. दुसऱ्या दिवशी ते ओसरायला हवं.

नजर मात्र काही दिवस, कधी काही आठवडे, आधीपेक्षा धूसर राहू शकते. लेसरनंतर मॅक्युलाला तात्पुरती सूज येते. जवळचं वाचायलाही त्रास होतो, कारण डोळ्याचा फोकस बदलणाऱ्या नसांना थोडा धक्का बसलेला असतो. या काळात नवा चष्मा करू नका. साखर वर-खाली होत असेल तर नंबरही वर-खाली होतो, आणि महिन्याभरात तो चष्मा निकामी ठरतो.

खाण्यापिण्याचं वेगळं पथ्य नाही. टीव्ही, मोबाइल, पोळ्या लाटणं, देवळात जाणं सगळं चालतं. डोळ्यात आधीच रक्तस्राव असेल तर मात्र वाकून जड उचलणं टाळायला आणि उशी उंच घेऊन झोपायला सांगतात. डोळा चोळू नका. मध, गुलाबपाणी, एरंडेल, कुणी आणून दिलेला 'थंड' थेंब, काहीही घालू नका. लिहून दिलेले थेंब लिहिलेले दिवसच टाका. स्टेरॉइडचा थेंब बरं वाटतं म्हणून मेडिकलमधून परत परत आणला तर डोळ्याचा दाब वाढतो.

बैठका पूर्ण करा

पीआरपीच्या बैठकांमध्ये साधारण एक-दोन आठवड्यांचं अंतर असतं. डॉक्टर दोन-तीन महिन्यांनी पाहतात की कच्च्या वाहिन्या सुकल्या की नाही. नसतील तर आणखी डाग भरतात. याचा अर्थ पहिलं लेसर फसलं असा नाही. आणि सगळं नीट झालं तरी, वाहिन्या आकसताना एखादी फुटून थोडा रक्तस्राव होऊ शकतो. "लेसरनेच रक्त आलं" असं म्हणून लोक डॉक्टर बदलतात. खरं तर तेव्हाच त्याच डॉक्टरांकडे, सगळ्या जुन्या नोंदी घेऊन जायला हवं.

आता डोळ्यात इंजेक्शनंही देतात. मॅक्युलाला सूज असेल तर बहुतेक आधी तीच देतात. नुसत्या इंजेक्शनांवरही कच्च्या वाहिन्या आटोक्यात राहू शकतात आणि कडेची नजर कमी जाते. पण त्यांचा असर उतरतो, ती पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात, आणि मध्येच खंड पडला तर रोग जोरात उलटू शकतो. म्हणून मला वाटतं, ज्याला तालुक्याहून एसटीने यावं लागतं, ज्याची मजुरी बुडते, ज्याला आणणारा मुलगा दुसऱ्या शहरात आहे, त्याने डॉक्टरांना ही परिस्थिती मोकळेपणाने सांगावी. 'मला दर महिन्याला येणं जमणार नाही' हे उपचार निवडताना पडद्याच्या फोटोइतकंच महत्त्वाचं आहे. अशा माणसासाठी लेसरच भरवशाचं.

अंधार

लेसर झालेल्या माणसाची खरी अडचण तक्त्यावरच्या अक्षरांत दिसत नाही. आई तक्त्यावरची बरीच खालची ओळ वाचते, पण उन्हातून घरात आली की उंबऱ्याशी थांबते. डोळ्याला अंधाराची सवय व्हायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो. "काय झालं, चल ना" म्हणून ओढू नका. थांबू द्या. घरच्यांना ही गोष्ट समजली की निम्मी चिडचिड संपते.

घरात काय करायचं ते सांगते. पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर रात्रभर जळणारा लहान दिवा लावा, तोही खाली, पायाजवळ. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी किंवा पांढरी चिकटपट्टी लावा. शेवटच्या पायरीला तर नक्कीच, पडतात ते तिथेच. पायपुसणं, बादली, नातवंडांची सायकल वाटेत ठेवू नका. कडेचं दिसत नसल्याने अर्धवट उघडं कपाटाचं दार कपाळाला लागतं, म्हणून दारं एकतर पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद. वीज जाते तिथे उशाशी बॅटरी, आणि तिची जागा ठरलेली.

रंगांमधला बारीक फरकही कळेनासा होतो. पांढऱ्या ताटात दहीभात दिसत नाही, गडद रंगाच्या ताटात दिसतो. चकचकीत स्टीलवर दिव्याचा उजेड पडला की डोळे दिपतात, तेव्हा दिवा समोर नको, खांद्यामागून यावा. गॅसच्या बटणावर 'बंद'ची जागा बोटाला कळेल असा उंचवटा चिकटवा.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी सगळ्यात जोखमीची जागा म्हणजे पेनवरचा आकडा. १० आणि १६ मधला फरक धूसर नजरेला कळत नाही. टिक-टिक मोजून डोस लावतात, पण एक टिक चुकली तरी घोटाळा. भिंगाने पाहा, चांगल्या उजेडात पाहा, आणि थेंब घातलेल्या दिवशी तर दुसऱ्या कुणाकडून आकडा वाचून घ्याच. सकाळ-संध्याकाळच्या इन्सुलिनच्या पेनांना वेगवेगळ्या रंगाचे रबर लावा.

शेतकरी घरात प्रश्न आणखी वेगळा. वीज रात्रपाळीची असली की पाणी द्यायला रात्रीच शेतात जावं लागतं. विहिरीचा काठ, पाटाची उंच-सखल, गवतातला साप, यातलं काहीच कडेच्या नजरेने टिपलं जात नाही. लेसर झालेल्या माणसाने रात्री एकट्याने मोटर चालू करायला जाऊ नये. जावंच लागलं तर कपाळावर बांधायची बॅटरी, गुडघ्यापर्यंतचे गमबूट, हातात काठी आणि बरोबर माणूस.

गाडी

दोन्ही डोळ्यांना पीआरपी झालं असेल तर रात्री दुचाकी चालवणं सोडा, असं माझं सरळ मत आहे. समोरच्या दिव्यांनी दिपल्यावर नजर परत यायला वेळ लागतो आणि बाजूच्या गल्लीतून आलेली सायकल दिसतच नाही. दिवसा चालवायची की नाही हे नजरेच्या क्षेत्राची तपासणी, म्हणजे फील्ड टेस्ट, करून डॉक्टरांना विचारा. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनी लक्षात ठेवावं: तिथे दोन्ही डोळ्यांना असं लेसर झालं असेल तर वाहन परवाना खात्याला कळवणं बंधनकारक आहे. आपल्याकडे ही जबाबदारी आपणच ओळखायची.

साखर, पण बेताने

लेसरने पडदा सांभाळला तरी मूळ रोग शरीरातच आहे. तीन महिन्यांची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन आणि लघवीतलं प्रथिन, हे पाचही आकडे डोळ्याच्या फाइलमध्ये ठेवा. रक्तदाबाकडे लोक फार दुर्लक्ष करतात, पण पडद्याला तोही तितकाच नडतो.

एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. वर्षानुवर्षं खूप जास्त असलेली साखर अगदी झपाट्याने खाली आणली तर पडद्याचा त्रास काही काळ वाढू शकतो. म्हणून साखर वाढू द्यायची असं नाही. नवं इन्सुलिन, वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं किंवा कडक आहार सुरू करण्याआधी पडदा तपासून घ्यायचा. पायोग्लिटाझोन चालू असेल तर तेही डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा, त्याने अंगात पाणी साठतं आणि मॅक्युलाची सूज वाढू शकते. तंबाखू, मिश्री, विडी बंद.

घरच्या घरी तपासणी

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या जागी उभं राहून, एक डोळा तळहाताने झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे वाचा. मग दुसरा डोळा. मग खिडकीचे गज किंवा फरशीच्या रेघा पाहा: सरळ दिसतात की वाकड्या? दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिलं तर चांगला डोळा वाईट डोळ्याचं झाकून नेतो आणि एक डोळा जाईपर्यंत पत्ता लागत नाही.

पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी जायचं ते कधी? अचानक काळे ठिपके, धागे, कोळ्याचं जाळं किंवा काजळीसारखा पाऊस दिसला तर. वीज चमकल्यासारखं होऊ लागलं तर. एका बाजूने पडदा सरकत आल्यासारखं वाटलं तर. नजर एकाएकी गेली तर. आणि डोळा लाल होऊन खूप दुखू लागला, दिव्याभोवती वलयं दिसू लागली, मळमळलं तर. कच्च्या वाहिन्या डोळ्याच्या पुढच्या भागात वाढल्या की असा काचबिंदू होतो, त्यात तासांचाही उशीर महाग पडतो. दुखत नाही म्हणून थांबू नका, पडदा सुटताना दुखत नाही.

कागद आणि खर्च

एक फाइल, त्यात तारखेप्रमाणे सगळं. कुठल्या डोळ्याला, कुठल्या दिवशी, किती डाग, कोणतं इंजेक्शन. ओसीटीच्या आणि पडद्याच्या फोटोंची प्रत मागून घ्या. मोबाइलवर फोटो काढून मुलांनाही पाठवून ठेवा. खर्चाची अडचण असेल तर आधी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतात, रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्यांना विचारा की तुमचा उपचार योजनेत बसतो का. लेसर करून झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही, मंजुरी आधी लागते.

पुढची वर्षं

पडदा शांत झाला की भेटी चार-सहा महिन्यांवर जातात. त्या सोडू नका. पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर मोतीबिंदूच्या डॉक्टरांना पडद्याचं लेसर झाल्याचं सांगा आणि ऑपरेशनच्या आधी व नंतर पडदा तपासून घ्या, कारण त्या सुमारास मॅक्युलाची सूज वाढू शकते. मोफत शिबिरात ऑपरेशन होत असेल तरी ही फाइल घेऊनच जा.

घरातल्या बाकीच्या मधुमेहींचे डोळेही याच निमित्ताने तपासा. प्रौढपणी मधुमेह सुरू झालेल्यांनी निदान होताच आणि मग दरवर्षी, थेंब टाकून बाहुली मोठी करून पडदा पाहायचा. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्यांची पहिली तपासणी मधुमेह सुरू झाल्यापासून पाच वर्षांच्या आत. आधीपासून मधुमेह असलेल्या मुलीला दिवस राहणार असतील तर शक्यतो त्याआधी, नाहीतर पहिल्या तीन महिन्यांत, कारण गरोदरपणात हा आजार वेगाने पुढे जाऊ शकतो. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासला म्हणजे पडदा तपासला असं होत नाही, नंबर बरोबर येत असतानाही मागे रोग वाढत असतो.